जेट बदलण्याआधी थ्रॉटलवर खुणा करा

थंडी पडली की कार्बोरेटरची पत्रं वाढतात. कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो, आणि त्यातला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा छोटा पितळी तुकडा म्हणजे जेट. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवर फ्युएल इंजेक्शन आलं, पण नागपुरात नि आसपासच्या तालुक्यांत रोज कामावर जाणाऱ्या कितीतरी गाड्या अजून कार्बोरेटरवरच आहेत. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवून झाल्यावर आता मी नागपूरच्या महाल भागात मुलाच्या गॅरेजवर बसतो. तिथेही या दिवसांत हेच चाललेलं असतं. या अंकात मानेवाड्याच्या पत्राला जास्त जागा दिली आहे. त्यातला घोळ मला दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या गाडीत दिसतो.

सर, माझ्याकडे वडिलांची बुलेट ३५० आहे, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची. मे महिन्यात तिला उघडा कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला. मेकॅनिक म्हणाला, हवा वाढली तर पेट्रोलही वाढवावं लागेल. म्हणून त्यानं मोठा मेन जेट टाकला आणि सुईची क्लिप सगळ्यात खालच्या खाचेत लावली. उन्हाळ्यात गाडी बरी चालली, फक्त अ‍ॅव्हरेज ३५ वरून २४ वर आला. आता सकाळी किका मारून पाय दुखतो, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात, आणि प्लग काढला तर काळाकुट्ट. एक जण म्हणतो गाडी रिच आहे. दुसरा म्हणतो लीन आहे, जेट अजून मोठा टाक. कोणाचं ऐकू? (मानेवाडा)

रिच म्हणणाराही बरोबर आहे आणि लीन म्हणणाराही. मोठ्या जेटचा सल्ला तेवढा ऐकू नका. तुमची गाडी थ्रॉटल जवळपास बंद असताना लीन आहे, म्हणजे तिथे पेट्रोल कमी पडतं. थ्रॉटल मध्यावर आला की ती रिच होते, तिथे पेट्रोल जास्त जातं. एकाच कार्बोरेटरमध्ये हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, कारण पेट्रोल जाण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि थ्रॉटल किती उघडला आहे त्यावर कोणती वाट चालते ते ठरतं.

तुमच्या गाडीवर स्लाइडवाला कार्बोरेटर आहे. मूठ पिळली की केबल स्लाइड वर उचलते, हवेची वाट उघडते, आणि स्लाइडमध्ये क्लिपनं अडकवलेली सुईही तिच्याबरोबर वर जाते. स्लाइड खाली असते तेव्हा, म्हणजे आयडलिंगपासून थ्रॉटल जरासा उचलेपर्यंत, पेट्रोल पायलट जेटमधून येतं आणि त्यातली हवा एअर स्क्रू ठरवतो. थोडं पुढे स्लाइडच्या तळाला जो तिरपा काप असतो त्याचा परिणाम दिसतो. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये सुईचं राज्य. सुई जितकी वर उचलली जाईल तितकी तिच्याभोवतीची फट मोठी होते आणि त्या फटीतून जाईल तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळतं. मेन जेटची पाळी येते शेवटच्या पाव भागात, मूठ जवळपास पूर्ण पिळल्यावर. या हद्दी एकमेकींत थोड्या शिरतात, पण ढोबळमानानं हिशोब हाच.

आता शहरातली तुमची गाडी डोळ्यासमोर आणा. व्हेरायटी चौकातून वर्धा रोडनं विमानतळापर्यंत जा, मूठ पाऊण भागाच्या पुढे जाणारच नाही. म्हणजे अ‍ॅव्हरेज ११ किलोमीटरनं पडला त्यात मेन जेटचा हात फारसा नाही. तो पाडला क्लिपनं. क्लिप खालच्या खाचेत गेली की सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होतं. क्लिप वरच्या खाचेत लावली की सुई खाली उतरते, मिश्रण लीन होतं. क्लिप खाली, सुई वर. हे उलटं धरून काम करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून दोनदा सांगितलं. तुमची सुई तर सगळ्यात वरच्या टोकाला गेली आहे. प्लग काळा होणार नाही तर काय होईल?

आणि हे सगळं करताना पायलट जेटला कोणी हात लावला नाही. मोकळ्या फिल्टरनं हवा तिथेही वाढली, पेट्रोल आहे तेवढंच राहिलं. मे महिन्यात ते खपून गेलं त्याचं कारण आपलं हवामान. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद आहे आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांची. अशी टोकं रोज नसतात, पण नवतप्यातली ४५ अंशांची दुपार आणि डिसेंबरातली १० अंशांची पहाट घ्या. थंड हवा उन्हाळ्यातल्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. कार्बोरेटरमध्ये दाट हवा पेट्रोलही थोडं जास्त ओढते, पण पूर्ण भरपाई होत नाही. सुमारे निम्मी तूट राहते. म्हणजे मे महिन्यात बरोबर लागलेली गाडी डिसेंबरात ६ टक्क्यांच्या आसपास लीन होते. तुमचा पायलट मे महिन्यातच काठावर होता, थंडीनं तो खाली ढकलला. सकाळच्या किका आणि थ्रॉटल सोडल्यावरचे फटाके तिथूनच आले.

काम कोणत्या क्रमानं करायचं ते सांगतो. पेचकस हातात घेण्याआधी हवा कुठून चोरून आत येत नाही ना ते बघा. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या जोडावर कार्ब क्लीनर थोडा-थोडा मारा, गरम सायलेन्सरवर उडू देऊ नका. रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, बदलली तर तिथून हवा आत शिरते आहे, आणि ते थांबेपर्यंत कोणताही जेट बरोबर लागणार नाही. हेडला सायलेन्सरची नळी जिथे बसते तो जोडही तपासा. नवा सायलेन्सर लावताना तो सैल राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि नेमके असेच फटाके वाजतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचा स्विच) आणि प्लगची गॅप आधी बरोबर असू द्या.

मग मुठीवर पांढरी टेप लावा आणि शेजारच्या स्थिर भागावर एक खूण करा. केबलची ढील काढून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा रेघा टेपवर ओढा. मी शिकवायचो तेव्हा पहिल्या दिवशी मुलांकडून हेच करून घ्यायचो. पोरगा टेस्ट मारून येऊन म्हणाला, ‘सर, मिसिंग करून राहिली,’ की मी विचारायचो, ‘कोणत्या रेघेवर?’ स्पीडोमीटरचा आकडा इथे कामाचा नाही. साठचा वेग चौथ्या गिअरमध्ये एका थ्रॉटलवर येतो आणि चढावर दुसऱ्याच. गाडी कोणत्या रेघेवर अडखळते हे कळलं की कोणती वाट बिघडली ते तिथेच समजतं.

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. सुरुवात मेन जेटपासून करा. कंपनीचा मूळ आकडा परत लावा. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तो असतो. कोन फिल्टर ठेवणारच असाल तर तिथून एकेक पायरी वर जा, तीन-तीन पायऱ्यांची उडी नको. मोकळ्या रस्त्यावर, भल्या सकाळी, हेल्मेट घालून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पूर्ण पिळा आणि मग अगदी किंचित सोडा. सोडल्यावर गाडी क्षणभर जास्त ओढली तर मेन जेट लहान आहे. पूर्ण थ्रॉटलवर ती जड होऊन घरघरत असेल, धूर काळा असेल, तर मोठा आहे. प्लग बघायचा तर नवा लावा, पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर जाऊन त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा, आणि आयडलिंग न करता गाडी थांबवून प्लग काढा. घरापर्यंत हळूहळू चालवत आणलेल्या प्लगचा रंग मेन जेटबद्दल काही सांगत नाही. कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाची जी जुनी खूण आहे ती आजच्या पेट्रोलवर तितकी ठळक उमटत नाही. त्यामुळे टोकाकडे बघत बसू नका. चिनी मातीचा भाग आत जिथे धातूला मिळतो तिथल्या काजळीच्या कड्याकडे बघा. पूर्ण पांढरा, कोरडा प्लग आणि टोकाला बारीक दाणे दिसले तर गाडी पुढे पळवू नका. लीन इंजिन तापतं आणि पिस्टनपर्यंत नुकसान पोचतं.

मेन जेट जागेवर आला की सुईची क्लिप मधल्या खाचेत घ्या. अर्ध्या रेघेवर गाडी धरून चालवा, मग मूठ पटकन उघडा. आधी पोकळ होऊन मग उचलली तर लीन, क्लिप एक खाच खाली. घोगऱ्या आवाजात जडपणे उचलली तर रिच, क्लिप एक खाच वर. तुमची गाडी जुनी आहे, तेव्हा सुई आणि ती जिच्यात फिरते ती पितळी नळी दोन्ही काढून उजेडात धरा. वर्षानुवर्षं घासून नळीचं भोक लांबट होतं आणि सुईवर चमकदार पट्टा पडतो. तसं असेल तर क्लिप कुठेही लावा, मध्यावर गाडी रिचच राहील. नवी सुई आणि नळी जोडीनंच घ्यावी लागते.

पायलट शेवटी, गरम इंजिनावर. आयडलिंग थोडं वाढवून ठेवा. एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत घ्या, जोर लावला तर टोक बिघडतं. मग हळूहळू बाहेर फिरवत जा आणि रेस सगळ्यात वर नि स्थिर लागेल तिथे सोडा. साधारण एक ते दोन फेऱ्यांत ती जागा सापडायला हवी. अर्ध्या फेरीच्या आतच सापडली तर पायलट जेट लहान पडतो आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर मोठा आहे. तुमच्या गाडीची लक्षणं बघता मला एक आकडा मोठा पायलट लागेल असं वाटतं.

एवढं सगळं सांगितलं, तरी माझं मन वेगळंच सांगतं. तो कोन फिल्टर काढा आणि मूळ फिल्टरचा डबा परत बसवा. आपल्या रस्त्यांवर धूळ किती उडते ते तुम्ही रोज बघता. मानेवाड्याहून निघून रिंग रोडला लागलं तरी शर्टाची कॉलर संध्याकाळी काळी असते. ती धूळ उघड्या फिल्टरमधून स्लाइडवर आणि सिलिंडरमध्ये जाते. स्लाइड झिजली की तिच्या बाजूनं हवा जाते आणि मग गाडी ट्यून होतच नाही, नवा कार्बोरेटर घ्यावा लागतो. बदललेला आवाजी सायलेन्सर कायद्यातही बसत नाही. मूळ डबा, मूळ सायलेन्सर, मॅन्युअलमधले जेट, मधली खाच. वडिलांची गाडी आहे, ती अजून वीस वर्षं चालावी असं तुम्हाला वाटत असणारच, आणि त्यासाठी हाच सेटअप सगळ्यात चांगला आहे.

सर, मी उमरेडहून बाबांची २०११ ची स्प्लेंडर घेऊन कॉलेजला जाते. गाडीत काहीच बदललेलं नाही, तरी हल्ली सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि थांबवली की आयडलिंगला बंद पडते. सगळे म्हणतात इथेनॉलच्या पेट्रोलनं असं होते. खरं आहे का? जेट बदलावा लागेल का? (उमरेड)

त्यात तथ्य आहे, पण सगळं इथेनॉलच्या माथी मारू नकोस.

आधी हिशोब बघ. एक किलो साधं पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल यायला लागलं आणि आता तेच मिळतं. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, वजनाच्या सुमारे ३५ टक्के. म्हणून या मिश्रणाला हवा कमी पुरते, किलोला १३.५ च्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. तुझ्या गाडीच्या पितळी जेटाला यातलं काही कळत नाही. तो पूर्वीइतकंच सोडतो, आणि गाडी सुमारे ८ टक्के लीन होते. वर इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, त्यामुळे थंड सकाळी ते पेट घ्यायला कुरकुरतं. डिसेंबरात चोक लागणं हा बिघाड नव्हे, चोक त्यासाठीच दिला आहे. सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांत तो परत सोड, विसरू नकोस.

आयडलिंगला बंद पडते त्याच्यासाठी आधी स्वस्त कामं कर. एअर फिल्टर, प्लग, टॅपेट. टॅपेट घट्ट झाले असतील तर थंडीत कॉम्प्रेशन मिळत नाही आणि बिचाऱ्या कार्बोरेटरला शिव्या बसतात. मग फ्लोटच्या वाटीखालचा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढ, अर्थात आगीपासून दूर, उघड्यावर. इथेनॉल पाणी शोषून घेतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर ते पाणी वेगळं होऊन वाटीच्या तळाशी बसतं. बाटलीच्या तळाला वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करून घे. जुन्या गाडीतले रबराचे भाग, म्हणजे पेट्रोलचा पाईप, वाटीची रिंग, फ्लोटच्या सुईचं टोक, फुगले किंवा कडक झाले असतील तर बदलून टाक.

एवढं करूनही राहिलं तर मिक्स्चर स्क्रू पाव फेरी फिरवून बघ. कोणत्या बाजूला ते आधी ओळखावं लागेल. स्क्रू स्लाइडच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा आहे, आत घेतला की मिश्रण रिच होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा आहे, बाहेर काढला की रिच होतं. पाव फेरी, मग पुन्हा पाव, यापेक्षा जास्त लागणार नाही. जेट बदलायची गरज मला दिसत नाही.

जेट ड्रिलनं मोठा करता येतो का? इतवारीत एक जण पन्नास रुपयांत करून देतो म्हणतो. (गांधीबाग)

करू नका. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० म्हणजे १ मिलिमीटर. तो १.१ केला तर बघायला दहावा भागच वाढला, पण भोकाचं क्षेत्रफळ २१ टक्के वाढलं, आणि पेट्रोल क्षेत्रफळावर जातं. हातातल्या ड्रिलनं भोक वाकडं आणि खरखरीत होतं ते वेगळंच, त्यातून प्रवाह किती जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. मूळचा जेट गेला तो गेलाच. नवा जेट विकत घ्या, आणि आपल्या कार्बोरेटरच्या कंपनीचाच घ्या. मिकुनीच्या षट्कोनी मेन जेटवर व्यासाचा नव्हे, प्रवाहाचा आकडा असतो, म्हणून एकीकडचा ११० दुसरीकडच्या ११० च्या बरोबरीचा नसतो. साफ करताना स्टीलची सुई किंवा सेफ्टी पिन आत घालू नका. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. फारच चोंदला असेल तर वायरमधली तांब्याची एक बारीक तार, तीही न घासता.

आम्ही मित्र दोन जुन्या गाड्या घेऊन चिखलदऱ्याला जात आहोत. उंचीसाठी जेट बदलावा का? (हिंगणा रोड)

नको. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, चिखलदरा ११०० च्या आसपास. हवा सुमारे ८ टक्के विरळ होते आणि मिश्रण ४ टक्क्यांच्या आसपास रिच होतं. वर थंडीही असेल, तिनं त्यातलं बरंच कापलं जाईल. घाटात ओढ थोडी कमी वाटली तर गिअर खाली घ्या. लेहला जाल तेव्हा लिहा, साडेतीन हजार मीटरवर लहान मेन जेट लागतो. एअर फिल्टर मात्र निघण्याआधी साफ करा.

माझी १५० सीसीची गाडी चाळीसच्या पुढे जातच नाही. रेस वाढते, पिकअप नाही. दोन मेन जेट बदलून झाले. (कामठी)

तुम्ही पाठवलेल्या फोटोत कार्बोरेटरच्या डोक्यावर गोल, चपटं झाकण दिसतं. तो व्हॅक्यूमवाला कार्बोरेटर आहे. त्यात तुमची केबल स्लाइड उचलत नाही, फक्त पुढची फुलपाखरू झडप उघडते. स्लाइड उचलायचं काम झाकणाखालचा रबरी डायफ्रॅम हवेच्या दाबानं करतो. त्याला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी स्लाइड अर्ध्यावर राहते आणि सुई वर येत नाही, मग मेन जेट कितीही मोठा टाका, तिथपर्यंत पाळीच जात नाही. रेस वाढून गाडी ओढत नसेल तर क्लच प्लेटाही घसरत असू शकतात. चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत मूठ पिळा. आवाज वाढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच. आवाजही वाढला नाही, तर झाकण उघडा. डायफ्रॅम उजेडासमोर धरून बोटांनी हलकेच ताणून बघा, त्याच्या घडीत बघा, चीर बहुतेक तिथेच असते. झाकण परत लावताना कड खाचेत नीट बसली आहे ना, चिमटली नाही ना, ते बघून मगच स्क्रू आवळा, आणि मूळ मेन जेट परत लावा.